केसांच्या आकड्याने कुलूप उघडत नाही

बंगालमधल्या चंदननगरच्या लक्ष्मीगंज बाजारात मासळीची रांग जिथे संपते, तिथे भांड्यांच्या दोन दुकानांमध्ये पाचर मारल्यासारखं अनुकूल कर्मकारांचं दुकान बसलंय. रुंदी कपाटाएवढी. आत एकच माणूस मावतो, तो म्हणजे अनुकूलदा. गिऱ्हाइकाने बाहेरच्या स्टुलावर टेकायचं. भिंतीभर खिळ्यांना किल्ल्यांचे जुडगे, मांडीशी कानशी आणि तारा, आणि फळीखाली, जिथे दुसरा कोणी जेवणाचा डबा ठेवील तिथे, खुनाच्या आणि दरोड्याच्या कादंबऱ्यांचा गठ्ठा. प्रत्येकीला वर्तमानपत्राचं कव्हर. पूर्वी कव्हरं नव्हती. एकदा किल्ली हरवलेली एक बाई नवी किल्ली करून घ्यायला आली, आणि अनुकूलदांच्या हातात रक्ताळलेल्या सुऱ्याचं चित्र पाहून पत्ता न सांगताच परत गेली. त्या दिवसापासून सगळ्या पुस्तकांना कपडे चढले.

शाळा आठवीत सुटली आणि बापाने त्यांना दुकानात बसवलं. बापाने हत्यारं हातात द्यायच्या आधी एक गोष्ट शिकवली: कुलूप उघडलं की पाठ फिरवायची. दार ढकलायचं काम मालकाचं, आत काय आहे ते बघायचं नाही. अनुकूलदांनी हे चाळीस-बेचाळीस वर्षं पाळलं. गावातली निम्मी कपाटं, पेट्या, तिजोऱ्या त्यांनी उघडल्या आणि एकीच्याही आत नजर टाकली नाही. कादंबरीत मात्र दार उघडलं की आत जाता येतं, खोलीभर हिंडता येतं, पलंगाखालीही डोकावता येतं, आणि कोणी काही म्हणत नाही. वाचनाचं वेड लागायला त्यांना एवढं पुरलं.

त्यांची बायको छबी मुलींच्या शाळेत विज्ञानाच्या प्रयोगशाळेत मदतनीस. सत्तावीस वर्षं ती परीक्षानळ्या धूत होती आणि दिव्यांत स्पिरिट भरत होती, आणि तिला नाद होता तो ग्रहताऱ्यांच्या, यंत्रमाणसांच्या, काळात मागेपुढे जाणाऱ्या गोष्टींचा. लग्नानंतरच्या पहिल्याच आठवड्यात तिला नवऱ्याच्या उशीखाली 'विषाचा पेला' सापडला आणि नवऱ्याला तिच्या ट्रंकेत 'मंगळावरची शाळा'. दोघांनाही वाटलं, आपली फसवणूक झाली. पुढे संसार सुखाचा झाला, पण ह्या बाबतीत तडजोड नाही. अनुकूलदा म्हणत, तीन डोळ्यांची माणसं येणार म्हटल्यावर वाचायचं कशाला, आपल्याला दोन डोळ्यांचीच पुरे झालीत. छबी म्हणे, तुमच्या गोष्टीत शेवटी कोणीतरी मेलेलाच असतो, माझ्या गोष्टीत निदान कोणीतरी कुठेतरी जातो.

पन्नाशी उलटल्यावर अनुकूलदांचे डोळे थकले. दिवसभर कुलपाच्या पोटात बघून संध्याकाळी छापील अक्षर पाण्यात पडल्यासारखं हलायचं. डोळे कुलपासाठी राखून ठेवावे लागले, आणि दोनेक वर्षं तो माणूस अगदी उदास होता. मग आसनसोलला दिलेली मुलगी बुलटी दुर्गापूजेला आली, तिने आईच्या फोनवर गोष्टी ऐकायची सोय करून दिली. कादंबऱ्या अख्ख्याच्या अख्ख्या, चांगल्या नटांच्या आवाजात, मागे पावलं, पाऊस, आगगाडीची शिटी. रविवारी दुपारी मटणाचा बटाटे घातलेला रस्सा शिजत असे आणि फोन जाळीच्या कपाटावर ठेवलेला असे. एक रविवार खुनाचा, एक रविवार ग्रहांचा. छबीच्या रविवारीही अनुकूलदा उठून जात नसत. कूस बदलून भिंतीकडे तोंड करत, आणि रॉकेट कोसळायच्या वेळेला हळूच वळून बघत. कादंबरीवर सिनेमा निघाला की दोघं पहिल्या आठवड्यात स्टेशनजवळच्या थिएटरात हजर. येताना गंगेच्या काठाने चालत, काय काय गाळलं ह्याची यादी करत घरी. एका दिग्दर्शकाने खुनीच बदलला होता. त्याचं नाव आजही त्या घरात काढायचं नाही.

त्या वर्षी दुर्गापूजेला निघालेल्या पूजा-अंकात शर्वरी नियोगी ह्या लेखिकेची नवी कादंबरी होती. गुप्तहेर नेहमीचाच, सोमशंकर गुहा. अनुकूलदांचा तो लाडका. अंगाने किरकोळ, पोटाचा विकार असलेला, उगाच मारामारी न करणारा. कादंबरी आवाजी स्वरूपात यायला अजून अवकाश होता, म्हणून छबी रोज संध्याकाळी एकेक प्रकरण वाचून दाखवत होती. अकराव्या प्रकरणात सोमशंकर जमीनदाराच्या वाड्यातल्या जुन्या तिजोरीसमोर उभा राहिला. सात लिव्हरचं कुलूप. त्याने शेजारी उभ्या असलेल्या नायिकेच्या केसांतला आकडा मागितला आणि अर्ध्या मिनिटात तिजोरी उघडली.

अनुकूलदांनी छबीला ते वाक्य पुन्हा वाचायला लावलं. तिने वाचलं. मग त्यांनी अंक हातात घेऊन स्वतः भिंगातून बघितलं.

"हा माणूस खोटं बोलला," ते म्हणाले.

"कोण, सोमशंकर?"

"तोच. नऊ वर्षं ओळखतो मी त्याला."

ते जेवले नाहीत असं नाही, पण अंक ताटाशेजारी उघडा ठेवून जेवले. छबीने समजूत घातली की गोष्ट आहे, माझ्या गोष्टीत तर माणसं उजेडापेक्षा वेगाने पळतात, मी कधी रुसले का. अनुकूलदांचं म्हणणं, उजेड कोणी हातात धरून बघितलेला नाही, सात लिव्हरचं कुलूप मी रोज बघतो. दुसऱ्या दिवशी दुकानात त्यांनी छबीचे चार आकडे आणि गोदामाचं एक जुनं सात लिव्हरचं कुलूप घेतलं आणि प्रयत्न करून पाहिला, म्हणजे अन्याय नको. तीन आकडे वाकले, चौथा आत मोडला. मग त्यांनी लेखिकेला पत्र लिहायला घेतलं.

पत्र चार पानांचं झालं. पहिल्या पानावर नमस्कार, कादंबरीची मनापासून स्तुती. दुसऱ्यावर कुलपाचं पोट उघडून काढलेलं चित्र. तिसऱ्यावर समजावून सांगितलं होतं की एका हाताने जाड तारेने किल्लीची ओढ धरून ठेवावी लागते आणि दुसऱ्या हाताने एकेक पट्टी तिच्या खाचेपर्यंत उचलावी लागते. सहा पट्ट्या बसल्या आणि सातवी घसरली की सहाही खाली येतात आणि पुन्हा पहिल्यापासून. केसांचा आकडा त्या ओढीला टिकत नाही. चौथ्या पानावर लिहिलं होतं: "मला ह्या कामाला दोन तास लागतात. सोमशंकरबाबू माझ्यापेक्षा हुशार आहेत हे मान्य, म्हणून त्यांना दीड तास द्यावा." पाकिटात मोडलेला आकडाही घातला. अंकाच्या कचेरीच्या पत्त्यावर पत्र गेलं, आणि राग उतरल्यावर अनुकूलदांना लाज वाटू लागली. आठवी शिकलेला माणूस, एवढ्या मोठ्या लेखिकेला शिकवायला निघाला. छबीला त्यांनी सांगून टाकलं की तो विषय घरात नको.

जगद्धात्रीची पूजा होऊन गेली, रस्त्यावरच्या रोषणाईचे बांबू उतरले, आणि एका मंगळवारी सकाळी चाळिशीची एक बाई दुकानासमोरच्या स्टुलावर येऊन बसली. सुती साडी, खांद्याला झोळी. तिने झोळीतून मोडका आकडा काढून फळीवर ठेवला.

"काका, हा तुमचा," ती म्हणाली. "मी शर्वरी नियोगी. मला ते कुलूप उघडायला शिकवाल?"

अनुकूलदांच्या हातातली कानस खाली पडली. आधी त्यांनी माफी मागितली, मग स्टूल पुसलं, मग ती त्याच स्टुलावर बसलेली आहे हे ध्यानात येऊन पुन्हा माफी मागितली. शर्वरीने कुलूप मागितलं. त्यांनी दिलं, दोन तारा दिल्या, कशा धरायच्या ते दाखवलं. ती दहा वाजता बसली. अकरा वाजता तिने घड्याळ काढून ठेवलं. बारा वाजता तिच्या अंगठ्याला फोड आला. मासळीवाल्या बायका आवरून घरी निघाल्या होत्या, त्या तिथेच थांबून सल्ले देऊ लागल्या. पाचवी पट्टी बसली की सहावीला हात कापायचा आणि सगळं खाली. एकदा सहा बसल्या. कोणीतरी मागे शिंकलं आणि गेल्या.

एक वाजता शर्वरीने तारा खाली ठेवल्या. ती चिडलेली नव्हती. डोळे मोठे करून कुलपाकडे बघत होती.

"काका, सोमशंकर इथे दोन तास बसलेला आहे," ती म्हणाली, "आणि वाड्याचा मालक जेवायला गेलाय. तो तासाभरात परत येणार आहे."

अनुकूलदांनी तारा उचलून धरल्या. "आणि सहा पट्ट्या बसल्यात," ते म्हणाले. "जिन्यावर पाऊल वाजलं."

"हात सोडला तर?"

"सोडला तर पुन्हा पहिल्यापासून. सोडायचाच नाही. दिवा विझवायला दुसरा हातही मोकळा नाही."

शर्वरीने झोळीतून वही काढली आणि तिथेच लिहायला बसली. दुपारी छबीने तिला घरी जेवायला नेलं आणि जेवणानंतर जलभरा संदेश हा पोटात पाक भरलेला पेढा पुढे केला. कलकत्त्याहून आलेल्या शर्वरीने बाहेरच्या सगळ्यांसारखाच तो मधोमध चावला आणि आतला गुलाबाचा पाक साडीभर उडाला. छबीला ती तेव्हापासून आपली वाटली.

पुस्तक निघण्यापूर्वी शर्वरीला ते प्रकरण नव्याने लिहायचं होतं. तिने अनुकूलदांना प्रश्न पाठवले, आणि त्यांनी हाताने पत्र लिहिलं होतं म्हणून तिनेही हातानेच लिहून, टपालाने. तिथे घोळ झाला.

त्याच आठवड्यात बाजारामागे साड्यांच्या एका गोदामात चोरी झाली. गावात चोरी झाली की पोलीस आधी कुलूपवाल्याकडे येतात. अनुकूलदांच्या बापाकडे यायचे, आजाकडेही यायचे. अनुकूलदांना त्याचं काही वाटत नसे. ठाण्याचे दुय्यम अधिकारी तपन हाजरा, ज्यांना सगळे मेजोबाबू म्हणतात, ते आले, स्टुलावर बसले, चहा मागवला, कोण नवीन माणूस किल्ली करायला आला होता का वगैरे नेहमीचं विचारलं. बोलता बोलता त्यांची नजर फळीवर एका पितळी कुलपाखाली दाबलेल्या कागदावर गेली. बाईचं सुरेख अक्षर होतं. त्यांनी कागद ओढला आणि वाचला.

'एक. म्हातारी शेजारच्या खोलीत झोपलेली असताना आवाज न करता दार उघडायचं असेल तर काय करावं? दोन. बिजागरीला तेल आदल्या दिवशी घालून ठेवावं का? तीन. आत शिरल्यावर बाहेरचं कुलूप पुन्हा लागलेलं दिसावं, अशी काही युक्ती आहे का? चार. कुत्रा असेल तर?'

प्रत्येक प्रश्नाखाली अनुकूलदांनी पेन्सिलीने सविस्तर उत्तर लिहिलं होतं. चौथ्याखाली लिहिलं होतं: 'कुत्र्याचं मला माहीत नाही. छबीच्या माहेरी कुत्रा होता, तिला विचारून कळवतो.'

मेजोबाबूंनी चहाचा मातीचा कप खाली ठेवला. अनुकूलदा सांगू लागले की हे एका कादंबरीसाठी आहे. मेजोबाबूंनी मान हलवली. अशी उत्तरं त्यांनी नोकरीत पुष्कळ ऐकली होती. ते अतिशय सभ्यपणे म्हणाले की ठाण्यात चलून जरा बोलू. मासळीबाजारातून पोलिसाबरोबर चालत जाताना अनुकूलदांना ओळखीची सगळी तोंडं एका रांगेत दिसली. बेचाळीस वर्षं पाठ फिरवून उभं राहिलेला माणूस, आणि हे त्याच्या नशिबी.

छबीला शाळेत निरोप गेला. ती प्रयोगशाळेतला डागाळलेला एप्रन घालूनच निघाली. वाटेत घरी शिरून तिने पूजा-अंक उचलला आणि ठाण्यात येऊन मेजोबाबूंच्या टेबलावर अकरावं प्रकरण उघडून आपटला. म्हणाली, आधी हे वाचा, मग काय विचारायचं ते विचारा, आणि कुत्र्याबद्दल असेल तर मला विचारा.

मेजोबाबूंनी अंकाचं मुखपृष्ठ बघितलं आणि त्यांचा चेहरा बदलला.

"हे वाचलंय मी," ते म्हणाले. "हा आकड्याचा प्रकार. मी तेवीस वर्षं चोऱ्या बघतोय. केसांच्या आकड्याने उघडलेलं कुलूप एकदासुद्धा बघितलं नाही. मलाही तेव्हा पत्र लिहावंसं वाटलं होतं."

"आम्ही लिहिलं," छबी म्हणाली.

मग खरी चौकशी सुरू झाली, आणि ती दीड तास चालली. शर्वरीबाई दिसायला कशा आहेत, सोमशंकर पुढच्या पुस्तकात मरणार ही अफवा खरी का, त्याच्या पोटाच्या विकाराचं पुढे काय. मेजोबाबूंना एकच तक्रार होती: ह्या सगळ्या कादंबऱ्यांत पोलीस अधिकारी मठ्ठच का असतो. गुप्तहेर येतो, खुनी पकडतो, आणि फौजदार दारात उभा राहून तोंड उघडं टाकतो. एक तरी शहाणा दाखवायला लेखकांच्या बापाचं काय जातं. त्यांनी पेन्सिल मागून घेतली आणि त्याच कागदावर पाचवा मुद्दा म्हणून हे लिहून दिलं. गोदामाची चोरी दोन दिवसांनी उलगडली. कुलपाला कोणी हातही लावला नव्हता, मागची खिडकी उघडी होती. मेजोबाबू ते सांगायला स्वतः बाजारात आले आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात अनुकूलदांची माफी मागून गेले. त्या रात्री अनुकूलदांनी दोनदा भात घेतला.

पुस्तक निघालं तेव्हा त्यात तिजोरीचं प्रकरण एकवीस पानांचं झालेलं होतं आणि तेच सगळ्यात गाजलं. सोमशंकर घामाने निथळत दोन तारा धरून बसलाय, सहा पट्ट्या वर आहेत, जिन्यावर पावलं वाजताहेत आणि त्याला हात सोडता येत नाही. ती पावलं निघतात एका दुय्यम पोलीस अधिकाऱ्याची, जो सगळं ओळखून, एक शब्द न बोलता, दिवा विझवतो आणि दाराशी उभा राहतो. अर्पणपत्रिकेत लिहिलं होतं: 'माझे कुलपाचे गुरू अनुकूल कर्मकार यांना.' ह्या पुस्तकाला मात्र त्यांनी वर्तमानपत्राचं कव्हर घातलं नाही. फळीवर, गिऱ्हाइकाला दिसेल असं ठेवलं, आणि कोणी उचललं की दुसरीकडे बघू लागत.

दोन वर्षांनी सिनेमा आला. म्हणजे आधी सिनेमावाले आले. नदीकाठच्या एका जुन्या घरात चित्रीकरण होतं, आणि तिजोरीचा प्रसंग काही केल्या जमत नव्हता. नायक मोठा देखणा नट, पण तारा हातात धरल्या की भात कालवल्यासारख्या धरायचा. शर्वरीने दिग्दर्शकाला सांगितलं की गावातच माणूस आहे. अनुकूलदांना गाडी पाठवून आणलं. ठरलं असं की चेहरा नायकाचा आणि हात अनुकूलदांचे.

रंगभूषाकाराने त्यांचे हात पालथे घालून पाहिले आणि कपाळाला हात लावला. रेषारेषांत वंगणाची काजळी, बोटांची पेरं जाड, आणि डाव्या अंगठ्याचं नख लहानपणी हातोडी बसल्यापासून काळंनिळं, दुभंगलेलं. त्याने साबण, लिंबू, पावडर सगळं पुढे मांडलं. अनुकूलदा ओशाळून हात मागे लपवायला लागले. लग्नातसुद्धा ह्या हातांमुळे त्यांनी रुमाल धरून ठेवला होता. तेवढ्यात दिग्दर्शक आला. त्याने ते हात उजेडात धरून बघितले.

"ह्यांना काही लावू नका," तो रंगभूषाकाराला म्हणाला. "हिरोचे हात असे करा."

आणि खरंच, पुढचे पंधरा दिवस तो गोरागोमटा नट रोज सकाळी पाऊण तास बसून हातांना काळं लावून घ्यायचा आणि डाव्या अंगठ्यावर मेणाचं फुटकं नख चिकटवून घ्यायचा. जेवताना ते नख वरणात पडायचं. छबी शाळेतून सुटल्यावर चित्रीकरण बघायला जायची. तिने प्रयोगशाळेतला एक डिंक आणून दिला, मग पडायचं थांबलं.

तिजोरी उघडायचा प्रसंग एका दमात घेतला. अनुकूलदांनी विचारलं होतं की कुलूप आधीपासून सैल करून ठेवू का. दिग्दर्शक म्हणाला, नको, खरं उघडा. कॅमेरा हातांच्या वीतभर अंतरावर. पहिली पाच मिनिटं अनुकूलदांना दिव्यांची धग लागत होती. मग नेहमीसारखं झालं; कान आत गेले, बोटं आत गेली, बाकीचं कुठेतरी दूर राहिलं. एक तास सत्तेचाळीस मिनिटांनी सातवी पट्टी बसली आणि कुलूप फिरलं. तिजोरीचं दार हळूहळू उघडू लागलं आणि अनुकूलदांनी सवयीने पाठ फिरवली. त्यामुळे एवढं मोठं डोकं कॅमेऱ्यासमोर आलं, पण तोपर्यंत हवं ते मिळालेलं होतं.

सिनेमा लागला त्या शुक्रवारी स्टेशनजवळच्या थिएटरात अर्धा लक्ष्मीगंज बाजार होता. मासळीवाल्या बायका आंघोळी करून, पावडर लावून आल्या होत्या. छबीच्या शाळेच्या शिक्षिका होत्या, बुलटी जावयासह आली होती, आणि मेजोबाबू साध्या कपड्यांत मागच्या रांगेत. पडद्यावर जेव्हा ते हात आले, भिंतीएवढे, फुटक्या नखासकट, तेव्हा कोणीतरी शिट्टी घातली. छबीने अंधारात नवऱ्याचा हात शोधला आणि धरून ठेवला. पडद्यावरचे हात बघत असतानाच. एकेक पट्टी बसत गेली, पावलं वाजली, आणि कुलूप उघडलं.

"हा आवाज खोटा आहे," अनुकूलदा मोठ्याने म्हणाले.

पुढच्या रांगेतल्या माणसाने वळून श्श केलं. अनुकूलदा त्याला समजावून सांगू लागले की हा लोखंडी कपाटाच्या साध्या कुलपाचा आवाज आहे, सात लिव्हरचं कुलूप असं टक् करत नाही, ते खोकल्यासारखं उघडतं. छबीने त्यांना चिमटा काढला. मध्यंतरात त्या माणसाला कळलं की आपण कोणाला गप्प बसवलं, आणि त्याने त्यांना बटाट्याचा चॉप खायला घातला. तरी घरी जाताना, सगळे कौतुक करत असताना, अनुकूलदांच्या तोंडी तेच. छबी म्हणाली की बाकीच्यांनी तुमचे हात बघितले, तुम्ही एकटेच ऐकायला आला होतात.

शर्वरीलाही त्यांनी फोनवर हेच ऐकवलं. ती खूप हसली, पण ती विसरली नाही. त्याच सुमारास कादंबरीची आवाजी आवृत्ती तयार होत होती, आणि थोड्या दिवसांनी कलकत्त्याहून बोलावणं आलं की काकांनी कुलूप घेऊन यावं. अनुकूलदा आणि छबी पिशवीत तीन कुलपं घालून गेले. गादीसारख्या भिंतींची लहानशी खोली. पंखासुद्धा बंद केला. ध्वनिमुद्रण करणारी मुलगी कानांवर यंत्र लावून काचेपलीकडे बसली आणि तिने त्यांना बोटाने खूण केली. दोन तासांनी कुलूप फिरलं तेव्हा ती मुलगी जागची हलली नाही. मग काचेमागून तिचा आवाज आला:

"आजोबा, हे खोकलं."

अनुकूलदांनी छबीकडे बघितलं. छबीने मान डोलावली. येताना गाडीत खिडकीतून केळीच्या बागा मागे जात होत्या आणि ते कुरमुऱ्यांच्या पुडीतले शेंगदाणे वेचून एकेक करून बायकोच्या हातावर ठेवत होते.

आवाजी कादंबरी आली ती एका बुधवारी, ऐन बाजाराच्या वेळेला. अनुकूलदांना रविवारपर्यंत धीर निघाला नाही. फोन फळीवर उभा करून त्यांनी थेट अकरावं प्रकरण लावलं. तेवढ्यात घोषालांच्या घरची म्हातारी आली. तिच्या कपाटाची किल्ली स्नान करताना घाटावरून गंगेत पडली होती आणि नातजावई दुपारी जेवायला येणार होता. चांदीचं ताट आत. ती घाईघाईने सांगायला लागली, पण अनुकूलदांनी ओठांवर बोट ठेवलं आणि स्टूल दाखवलं. म्हातारी रागावूनच बसली. फोनमधून तारेचा बारीक आवाज येत होता, आणि मध्येच एका माणसाचा श्वास. जिन्यावर पाऊल वाजलं.

म्हातारीने पदर सावरला. "कोण आलं?" तिने हळूच विचारलं.

"थांबा, मावशी."

"त्याला म्हणावं हात सोडू नको."

"नाही सोडत."

प्रकरण संपायला पाऊण तास लागला. मासळीच्या रांगेतल्या दोघीतिघी सुरी हातात धरून येऊन उभ्या राहिल्या होत्या. कुलूप खोकलं, दिवा विझला, आणि म्हातारीने धरून ठेवलेला श्वास सोडला. मग तिला नातजावई आठवला. अनुकूलदांनी हत्यारांची पिशवी घेतली, फोन खिशात टाकला, दुकानाचं दार ओढलं आणि तिच्यामागोमाग निघाले. कपाट साधं होतं, चार मिनिटांत उघडलं. ते पाठ फिरवून दाराकडे जायला लागले तर म्हातारीने ताट बाहेर काढता काढता हाक मारली.

"जाऊ नकोस रे. चहा टाकते," ती म्हणाली. "पण आधी तो फोन इथे ठेव आणि पुढचं लाव."